पूजा झालेले नट

मी शिकलो, पदवीधर झालो, याचं सगळ्यात मोठं ऋण माझ्यावर आहे ते उस्तादांचं. नांदेडला देगलूर नाक्याकडं त्यांचं चारचाकीचं गॅरेज होतं. बोलायच्या आधी ते हातातला पाना लोखंडी टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "आता ऐक." टेबलाला खळगे पडले होते. तुम्ही कधी तिथं गाडी नेली असेल, तर एकदा तरी दचकला असाल.

नायगावकडच्या खेड्यातून मी कॉलेजला आलो, तेव्हा गॅरेजमागची खोली त्यांनी मला राहायला दिली. माझे आईवडील मजुरीला जायचे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. पहिल्याच परीक्षेच्या तोंडावर चुलता मला ऊसतोडीला न्यायला आला. तो प्यालेला होता. गॅरेजातच त्यानं माझ्या कानाखाली मारली. उस्तादांनी त्याची गचांडी धरून त्याला शटरवर असं आदळलं, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग त्यांनीच त्याच्या डोक्याला ओला रुमाल बांधला, चहा पाजला आणि त्याला एसटीत बसवून दिलं. "पोराचे पेपर होऊ दे. मग तू अन् मी बोलू," म्हणाले. चुलता परत आला नाही. उस्ताद मला "ए बीए" म्हणायचे, मी बी.ए. होण्याच्या कितीतरी आधीपासून.

त्यांचा राग असाच होता. ब्रेक दुरुस्त न करता गाडी नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाची किल्ली त्यांनी गटारात फेकली होती. त्यानं शिव्या दिल्या, तर त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर त्याला पालथं दाबून ठेवलं होतं. शेवटी त्या माणसानं ब्रेक करून घेतले.

मला लातूरला सरकारी नोकरी लागली. सुट्टीला मी उस्तादांकडं जायचो. अशाच एका सुट्टीत एका ऊस ठेकेदाराचा मुलगा स्पेसर लावायला आला. स्पेसर म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. ती लावली की चाकं बाहेर येतात, गाडी ऐटबाज दिसते.

उस्तादांनी पाना आपटला. "शौक हाय तर लावू. रुंद टायर आतून घासणार न्हाई. वळणावर गाडी दबून चालंल. पण चाक बाहेर सरकलं की बेअरिंग लवकर जातं, बोल्टावर लई जोर येतो. चकती चपखल बसणारीच आणू, स्वस्तातली न्हाई. अन् पन्नास-साठ किलोमीटर फिरवून परत यायचं. नट पुन्हा आवळल्याबिगर लांब जायचं न्हाई."

मुलगा हो हो म्हणत राहिला. पण परत आला नाही. आपल्याकडं गाडीचं नवीन काम झालं की घरची माउली पूजा करते. त्याच्या आईनं प्रत्येक नटाला हळदकुंकू लावलं, चाकात काळा दोरा ओवला, आणि देवीचं दर्शन होईपर्यंत नटांना पाना लावायचा नाही असं ठरवलं. उस्तादांनी फोन केला, तर मुलगा म्हणाला, तुळजापूरहून आल्यावर आवळू.

उस्तादांनी पाना घेतला, मला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि त्याचं घर गाठलं. गाडी निघण्याच्या बेतात होती. आत आई, सून, दोन लेकरं. उस्ताद चाकाशी बसले, तर मुलाच्या दोघा मेहुण्यांनी त्यांना ओढून उठवलं.

उस्ताद आईकडं वळले. "माय, दोन मिनिटं. फकत एका नटाला हात लावू द्या."

"दारात अशुभ बोलू नका, बाबा," ती म्हणाली.

मुलानं किल्लीकडं हात नेला. उस्तादांनी उघड्या खिडकीतून त्याच्या मनगटावर पाना घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मेहुण्यांनी त्यांना खाली पाडलं. तोच पाना हिसकावून त्यांच्या उजव्या हातावर घातला, पुन्हा पुन्हा घातला. तोंडावर बुक्के बसून त्यांच्या तोंडातून रक्त आलं. मी त्यांच्यावर आडवा पडलो, माझ्याही पाठीत लाथा बसल्या. माझं डोकं पुढच्या चाकाला लागलं होतं. आधारासाठी हात टाकला तो नटावर पडला. नट बाटलीच्या झाकणासारखा बोटांनी फिरला. मी तो काढून मुलाच्या आईपुढं धरला. तिनं लेकरांना खाली उतरवलं.

उस्तादांवर मनगट मोडल्याची केस झाली. त्यांना हातात पुन्हा पाना धरवला नाही. गॅरेज बंद करून ते देगलूरला लेकीकडं गेले. साक्षीच्या आधी त्यांनी लेकीच्या फोनवरून मला सांगितलं, "तू येऊ नको, बीए. सरकारी नौकरी हाय तुझी. तू तिथं नव्हताच." नंतर ते फोनवर आलेच नाहीत. म्हणून पत्र धाडलं.

"उस्ताद, सप्रेम नमस्कार. हाताचं ऑपरेशन असल्यानं तुम्हाला काल कोर्टात हजेरी माफ होती. तुम्ही नको म्हणालात, तरी मी गेलो. सरकारी वकिलांनी विचारलं, पहिला घाव कुणाचा? मी म्हणालो, उस्तादांचा. तुमचे वकील माझ्याकडं बघतच राहिले. मग मी नटाचं सांगितलं. निकाल लागायचाय. तुम्हाला शिक्षा झाली, तर तीत माझी साक्षही असेल. मारणं बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. मी तिथं होतो, एवढं मात्र मला खोडता आलं नसतं. बाहेर आलो तर कोर्टाच्या पायरीवर त्या ठेकेदाराच्या मुलाची धाकटी लेक चपला घालत होती, डावी उजव्या पायात. मी खाली बसून त्या बदलून दिल्या. तिची आजी बाजूलाच उभी होती. तिनं विचारलं, उस्तादांना आता हातानं जेवता येतं का?"