पुढची हवा

मामांना मामा म्हणायचा खरा हक्क एकीचाच, त्यांच्या भाचीचा. बाकी गल्ली फुकटात म्हणते.

मामा गाड्यांचे पोचे काढतात. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवतात आणि "इथे" म्हणतात. तिथे पोचा असतोच. तीस वर्षांत हात एकदाही खोटं बोललेला नाही. हवेवरून मात्र हात फिरवता येत नाही, एवढी एकच तक्रार.

भाची शाळेत भूगोल शिकवते. तिच्याकडे चौदा वर्षांची चार दारांची गाडी आहे. शहराबाहेर विमानांनी कधीच सोडून दिलेली एक धावपट्टी आहे. महिन्यातून एका रविवारी तिथे गाड्या सरळ रेषेत पळवू देतात. एका वेळी एकच गाडी, डोक्यावर हेल्मेट, कडेला रुग्णवाहिका. भाचीला ताशी दोनशे किलोमीटर गाठायचे होते.

मामांनी बहिणीला शब्द दिला. "ताई, चारही चाकं जमिनीवर राहतील. माझ्यावर सोड."

"आणि पाचवं?"

"पाचवं कुठलं?"

"स्टिअरिंगचं. ते पोरीच्या हातात आहे, आणि पोरगी तुझ्यावर गेलीय."



पहिल्या रविवारी एकशेसत्तर झाले. भाची नाचतच उतरली. "मामा, शेवटी स्टिअरिंग कसलं हलकं झालं! एका बोटाने फिरेल असं!"

मामा तिथेच वाकून पुढची चाकं बघू लागले. स्टिअरिंग हलकं झालं म्हणजे पुढची चाकं जमिनीवरून उठायला बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंच्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर पळवली. बोटाएवढे तुकडे केले आणि चिकटपट्टीने गाडीभर लावले. गाडी गोवर आल्यासारखी दिसू लागली. मोकळ्या रस्त्यावर भाचीने ती ऐंशीने नेली. शेजारून भावोजींच्या, म्हणजे भाचीच्या बाबांच्या, गाडीत बसून मामा दोरे बघत राहिले. नाकावरचे दोरे शहाण्यासारखे झोपले होते. बंपरखालचे मात्र सगळे आत, गाडीच्या पोटाखाली ओढले गेले होते.

"हवा खाली घुसतेय आणि नाक उचलतेय," मामा म्हणाले. "ऐंशीला गुदगुल्या करते. वेग दुप्पट झाला की हीच हवा चौपट जोर लावेल. आणि तुझा तो पंख काढ."

डिकीवरचा मोठा पंख भाचीने हौसेने आणला होता. "पंख तर गाडी दाबतो ना?"

"शेपटी दाबतो. बाकाच्या पार टोकाला जाडा माणूस बसला की दुसरं टोक काय करतं?"

"मग याचं काय करू?"

"वर्गात टांग. वारे शिकवताना दाखव."

मग मामांनी टायरच्या कडेवरचं अक्षर वाचलं. टी. म्हणजे एकशेनव्वदपर्यंतच. ते बदलून व्ही आले, दोनशेचाळीसवाले. राहिली हवा अडवायला बंपरखाली लावायची रबराची पट्टी. ती घरीच लावली असती तर वाटेतल्या गतिरोधकांवर फाटली असती. म्हणून ती धावपट्टीवरच लावायचं ठरलं. विसरू नये म्हणून मामांनी यादी लिहून काचेवर चिकटवली. पहिलं, पंख काढणे, झालं. दुसरं, टायर बदलणे, झालं. तिसरं, पुढची हवा कमी करायची.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी मामा आणि भाची हेल्मेट तपासून घ्यायला गेले. गाडीपाशी भावोजी उरले. भावोजी निवृत्त कारकून. अर्धवट यादी दिसली की त्यांना खाज सुटते.

मामा परत आले, गाडीखाली शिरले, पट्टी बसवली. पट्टी आणि जमीन यांत दोन बोटं जायला हवी होती. एकच गेलं.

मामा तसेच पडून राहिले. हात खोटं बोलत नाही. माप चुकलं असेल? मापही चुकत नाही. मग त्यांची नजर टायरवर गेली.

"भावोजी, चाकांना हात कोणी लावला?"

"मी! तिसरं काम राहिलं होतं. पुढच्या दोन्ही टायरांतली निम्मी निम्मी काढली. अगदी सारखी, पक्षपात नाही."

मामा बाहेर आले आणि जमिनीवरच बसले. "अहो भावोजी, पोटाखालची हवा! टायरमधली नव्हे! एवढ्या वेगात टायरला उलट जास्त हवा लागते. कमी असली की ते तापतं आणि फाटतं."

भावोजींचा चेहरा उतरला. पण कारकून तो कारकून. "मग तसं लिहायचं," ते हळूच म्हणाले. "हवा म्हणजे कुठली, याचा उल्लेख नाही."

"आधी या मामा-भाचीच्या डोक्यातली काढा," मागून आलेल्या ताई म्हणाल्या.

मामांनी पायपंप काढला. भावोजींनी तो हिसकावून घेतला आणि दोन्ही टायर स्वतः भरले, घामाघूम होईपर्यंत. मामांनी काटा तीनदा बघितला. खाली दोन बोटं घातली. गेली. मग ते खिडकीशी वाकले.

"स्टिअरिंग हलकं वाटलं तर?"

"पाय उचलायचा. हळूच. दचकून ब्रेक नाही."

"दोनशेला एक कमी असला तरी?"

भाचीने त्यांच्याकडे बघितलं. "मामा, एक कमी असला तरीसुद्धा?"

"तरीसुद्धा."

तिने काच वर केली. हो म्हणाली की नाही, ते मामांना दिसलं नाही.

गाडी गेली. लहान होत होत ठिपका झाली. ताईंनी डोळे मिटले. मामांनी सवयीने तळहात पुढे धरला. आडवी झुळूक हाताला लागली आणि ते पुतळ्यासारखे उभे राहिले. तेवढ्यात लांबवर इंजिनाचा आवाज उतरला.

फलकावर आकडा आला. एकशेसत्त्याण्णव.

भाची परत आली, हेल्मेट काढलं. "शेवटी आडवा वारा आला, मामा. नाक जरा हललं. मी पाय उचलला." तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "तीन राहिले."

मामांनी टपावर दोनदा थाप मारली. मग खिशातून पेन्सिल काढून काचेवरच्या यादीत चौथं काम लिहिलं: पाय उचलणे. त्यापुढे लिहिलं, झालं.

"कोणाचा पाय," भावोजी म्हणाले, "ते लिही."