निळ्या पडलेल्या काचा

तिला सगळे भिंगवाली म्हणत. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेतल्या एकाच खिडकीशी बसून ती लोकांच्या जखमांमधले, खरजेतले परजीवी शोधत आली होती. ‘उजवा डोळा नोकरीला, डावा संसाराला,’ असं ती हसून म्हणायची.

त्या दुपारी धाकटा भाऊ खोकं घेऊन आला. वस्त्यांवर जाऊन नमुने आणायची नोकरी त्याला तिनंच चिकटवली होती.

“ताई, खाणीवरच्या अकरा जणांच्या जखमांच्या काचा. तिसरी आधी बघ. सहा वर्षांची पोर आहे, नाकावरची जखम पसरत चाललीय. परजीवी दिसल्याचा रिपोर्ट असल्याशिवाय सुया मिळणार नाहीत. नाक झडेल गं तिचं.”

तिनं तिसरी काच रंगात ठेवली, धुतली, वाळवली, तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली सरकवली. पेशींचे जांभळे ठिपके दिसायला हवे होते. दिसला नुसता निळा गढूळपणा. मग दुसरी, चौथी; अकराही तशाच.

तिनं खोकं नाकाशी नेलं. डोळे झोंबले.

“यात फॉर्मालिनची बाटली होती?”

“दवाखान्यातल्यांनी दिली होती, कुणाच्या तरी गाठीचा तुकडा सडू नये म्हणून त्यात बुडवलेला. म्हणाले, जाताजाता पोचव. झाकण घट्ट होतं, ताई!”

“घसा फोडून सांगितलं होतं तुला! त्याच्या नुसत्या वाफेनं काच वाया जाते.”

तो खाली बघत पुटपुटला, “मग ‘आढळले’वर खूण कर ना. कोण बघतंय?”

“त्या सुया हृदयावर येतात. न बघता लेकराला टोचायला सांगू?”

शेवटी तिनंच पोरीच्या आईला फोन लावला. काच आमच्या चुकीनं खराब झाली, पोरीला घेऊन या, म्हणाली.

“आम्ही कालच दुसऱ्या खाणीवर आलो, बाई. दोन दिवसांची वाट आहे. काम संपेस्तोवर मुकादम सोडत नाही.”

“केव्हा संपेल?”

“सात महिने.” मग आईच समजूत घालू लागली, “तुम्ही तरी काय करणार? आपल्या हातून होतंच कधी.”

भिंगवालीनं रिपोर्टवर ‘नमुना निकामी’ लिहिलं. भाऊ दारात उभाच होता. त्याच्याकडे न बघता तिनं तिसरी काच पुन्हा लावली आणि त्या निळ्यात, डावीकडून उजवीकडे, रोजच्यासारखी शोधत राहिली.