उत्तरेच्या उताराची जाहिरात

गुरुदत्त सहस्रबुद्धे डोंगरात खड्डे खणायला लागला, तो दमायचा म्हणून.

पुण्याहून तो २००१ साली जर्मनीत रेगेन्सबर्गला आला, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायला. बायको शुभदा तिथल्या विद्यापीठात पीएचडी करत होती. तिला स्कीइंग पहिल्याच हिवाळ्यात जमलं. गुरूला ते कधीच नीट जमलं नाही, तरी दोघं एका गिर्यारोहण मंडळाबरोबर आल्प्समध्ये जाऊ लागले. लिफ्ट नसलेल्या डोंगरावर स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून चढायचं आणि कुणीच न तुडवलेल्या भुसभुशीत बर्फातून खाली यायचं, सगळी मजा त्यातच, असा तो प्रकार. साठी ओलांडलेले जर्मन बकऱ्यांसारखे वर जात आणि गुरू मागे धापा टाकत राही.

थांबा म्हणायची लाज वाटे. मग त्याला प्रशिक्षणातली एक गोष्ट आठवली. बर्फ घसरेल का हे बघायचं तर फावड्याने खड्डा खणून त्याचे थर तपासायचे असतात. जर्मनीत तुम्ही दमून थांबलात तर लोक घड्याळ बघतात. सुरक्षिततेसाठी थांबलात तर कुणी चकार शब्द काढत नाही. खणण्यातही दम लागतोच, पण त्या दमाला मान होता.

खणता खणता त्याला त्याची गोडी लागली. कापलेल्या भिंतीत अख्खा हिवाळा दिसे. नाताळातला पाऊस गोठून झालेली काच, जानेवारीच्या थंडीत तयार झालेला साखरेसारखा सुटा थर, आणि त्यावर वाऱ्याने आणून टाकलेली जाड गादी. साखरेवर गादी घातली तर ती कधीतरी घसरणारच. दोन-तीन हिवाळ्यांत असं झालं, की मंडळाचा म्हातारा म्होरक्या आलोइस गुरूला विचारल्याशिवाय उतारावर पाय ठेवेना. गुरू बहुतेकदा नाही म्हणे आणि सगळे माघारी फिरत. त्यात कुणाचा जीव वाचला असेल तर ते कळायला मार्ग नव्हता. न झालेला अपघात कुणाला दिसत नाही. बुडालेली सहल मात्र दिसते.

आपल्याला कळलेलं चार लोकांना कळावं म्हणून तो इंटरनेटवर स्कीवाल्यांच्या एका फोरमवर लिहू लागला. नाव घेतलं 'ब्रेम्झर', म्हणजे ब्रेक लावणारा. वाचक भराभर वाढले. गुरूला वाटलं, जर्मन लोक शहाणे होत आहेत.

२००६च्या फेब्रुवारीत त्याने लिहिलं: 'उत्तरेच्या उतारावर गुडघाभर कोरडा, भुसभुशीत बर्फ, एकाही स्कीची रेघ नाही. खाली साखरेसारखा कमकुवत थर. पाऊल टाकताच आतून थर खचल्याचा वुम असा आवाज आला. आम्ही परत फिरलो. कृपया जाऊ नका.'

पुढच्या शनिवारी तो थर काय म्हणतोय ते बघायला तो आणि शुभदा डोंगराच्या धारेवरच्या सुरक्षित वाटेने पुन्हा गेले. पार्किंगमध्ये जागा मिळेना. वर उताराच्या तोंडाशी एक घोळका उभा होता. त्यातल्या एकाने खिशातून छापलेला कागद काढला आणि गुरूने आपली वाक्यं ओळखली. पहिल्या ओळीवर पिवळी खूण केलेली होती.

तो माणूस इंगोलश्टाटचा, नाव हार्टमुट. गुरूने त्याला जमेल तितक्या नम्र जर्मनमध्ये सांगितलं, की खालचा थर धरून ठेवणार नाही, जाऊ नका. हार्टमुटने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे बर्फ नसतो, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे," तो मायेने म्हणाला. "आम्ही माहिती काढून आलोय. हा ब्रेम्झर या भागातला सगळ्यात जाणकार माणूस."

"त्यानेच लिहिलंय जाऊ नका म्हणून. शेवटच्या ओळीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर. ते लिहावंच लागतं. कायद्यासाठी."

"तो ब्रेम्झर मीच," गुरू म्हणाला.

हार्टमुटने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मनापासून हसला. भारतीयांना विनोदबुद्धी असते, हे बहुधा त्याला त्या दिवशीच कळलं. मग तो उतारावर निघाला.

तिसऱ्या वळणावर त्याच्या वरच्या बाजूला एक भेग आडवी धावत गेली आणि सबंध गादी सुटली. धूळ बसली तेव्हा उतार मोकळा होता आणि हार्टमुट कुठेच नव्हता. प्रत्येकाच्या छातीशी बांधलेलं शोधयंत्र असतं. गाडलेल्याचं यंत्र संदेश सोडत राहतं; सगळ्यांनी आपापली यंत्रं तो पकडण्यावर लावली. शुभदा सगळ्यात आधी खाली पोचली आणि तिने जागा हेरली. गुरू वाटेत दोनदा आपटून शेवटी आला. बाकीचे जिथे यंत्र वाजलं तिथेच वरून सरळ खाली खणत होते. गुरूने त्यांना बाजूला केलं आणि उताराच्या खालच्या अंगाने आडवं खणायला घेतलं. आयुष्यात तो पहिल्यांदाच डोंगरात घाईने खणत होता. निळा पडलेला चेहरा सापडला आणि हार्टमुट खोकला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हेलिकॉप्टर येईपर्यंत हार्टमुट दोनदा एवढंच बोलला, की माझी दुसरी स्की मिळाली का.

इस्पितळातून त्याने फोरमवर लिहिलं. योगायोगाने तिथे आलेल्या दोन भारतीय पर्यटकांचे त्याने आभार मानले. पुढे तक्रार होती: धोका इतका मोठा होता तर ब्रेम्झरने तो अधिक स्पष्ट लिहायला हवा होता. पुष्कळांनी त्याला दुजोरा दिला.

गुरूचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्याने लांबलचक उत्तरं लिहिली आणि पुसली. लिहिणंच बंद करतो, म्हणाला.

"मरणाला हे लोक घाबरत नाहीत रे," शुभदा म्हणाली. "वाईट बर्फाला घाबरतात. तेवढंच लिही."

ऑफिसात एक आकडा चुकला तर स्वतःहून सगळ्यांना कळवणारा हा माणूस. त्याला खोटं लिहिणं जड गेलं. पण मार्चमध्ये तसाच थर पुन्हा सापडल्यावर त्याने, कानशिलं तापलेली असताना, लिहिलं: 'उत्तरेचा उतार. वर मोडका, कडक पापुद्रा. मध्ये दगड. खाली चिखल.' हिमस्खलनाचं नावही काढलं नाही.

रविवारी पार्किंग रिकामं होतं. उतार उन्हात चकाकत होता, त्यावर एक रेघ नव्हती. त्याच आठवड्यात तो आपोआप कोसळला. खाली कुणी नव्हतं.

पुढचे हिवाळे गुरू असंच लिहीत राहिला आणि ब्रेम्झरचं नाव खराब झालं. पूर्वी या माणसाला कळायचं, आता नुसता कुरकुरतो, असं लोक लिहू लागले. हाड जुळलेल्या हार्टमुटनेही एकदा त्याला खासगी निरोप पाठवला: तुमचं वाचलं की पूर्वी लगेच डोंगरात जावंसं वाटायचं, काय बिघडलं?

वय झालं, असं गुरूने उत्तर दिलं. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. हार्टमुटला फार वाईट वाटलं. त्याने उलटटपाली गुडघ्यांसाठी एका मलमाचं नाव कळवलं.