तिखटाच्या डब्यातल्या बत्तीस नोटा

आमची ताई गेली त्याला आज पाच आठवडे झाले. भिवापूरहून तिच्या शेजारचा माणूस सकाळच्या बसने निघाला आणि थेट माझ्या ऑफिसात आला. मी एका लांबलचक बेरजेच्या मध्यावर होतो, म्हणून हातानेच त्याला थांबायची खूण केली. बेरीज पुरी केली, खाली रेघ ओढली आणि मग मान वर करून विचारलं, "बोला, काहून आले?" त्याने सांगितलं… खळ्यात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या हलवता हलवता ताई पाणी प्यायला म्हणून बसली, ती उठलीच नाही. वय छप्पन्न. साध्या तापासाठीही कधी दवाखान्याची पायरी न चढलेली बाई. तो माणूस माझ्या टेबलापाशी दीड-दोन मिनिटं उभा असेल. तेवढा वेळ माझ्या लेखी ती जिवंत होती.

ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या शाळेच्या डब्यापासून सदऱ्याच्या गुंड्यांपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. पुढे ती भिवापूरला शेतकऱ्याच्या घरी पडली आणि मी नागपूरला शिकून सरकारी हिशेब खात्यात लागलो, तिथेच सक्करदऱ्याला घर केलं. तिचा हात सैल, माझा आवळलेला. ती घरी येऊन गेली की दोन दिवसांनी आमच्या तुरीच्या डाळीच्या पिशवीत, मुलीच्या दप्तरात, एकदा तर माझ्या छत्रीच्या घडीत दहाची नोट निघायची. मी रागवायचो. "ताई, हे असं लपवून ठेवणं बरं नाही. हरवलं तर?" ती म्हणायची, "हरवीन तर हरवीन गा. तुयाच घरात हरवीन ना?" तिची ही सवय मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे झालं ते तिनेच केलं यावर आम्हा सगळ्यांचा झटकन विश्वास बसला, तो या सवयीमुळेच.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या एकुलत्या एका मुलाला, विलासला, कापड-तंत्र शिकायला इंग्लंडची शिष्यवृत्ती मिळाली. पंचक्रोशीत तोवर कोणी विमानात बसलं नव्हतं. कागदपत्रांचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. त्या काळी परदेशी जाणाऱ्याला रोख म्हणून आठ डॉलर मिळत, म्हणजे इंग्लंडात तीन-चार पौंड. खिशातली किरकोळ रक्कम सोडली तर आपल्या नोटा देशाबाहेर न्यायला बंदी. बँकेत दोन खेटे घालून मी हे सगळं समजून घेतलं, साध्या मराठीत एका कागदावर उतरवलं आणि भिवापूरला त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवलं. ताई, भाऊजी आणि विलास, तिघेही समोर होते. भाऊजी म्हणाले, "आठ डॉलरात पोरगं एक महिना काय हवा खाईन?" शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता महिन्याने मिळणार होता. मी म्हटलं, "नियम आहे भाऊजी. वसतिगृहवाले सांभाळून घेतात म्हणे." ताईने तेवढं विचारलं, "अन् कोणी जास्त नेले त?" मी म्हटलं, "पकडलं तर पैसे जातात, केस होते, पासपोर्टही जाऊ शकते." मुंबईच्या गाडीत बसल्यावर मी तो कागद पुन्हा एकदा वाचून दाखवला. विलास म्हणाला, "मामाजी, पाठ झालं आता."

सांताक्रूझच्या विमानतळावर ताई, भाऊजी आणि मी काचेबाहेर थांबलो आणि विलास आत गेला. अर्ध्या तासाने एक शिपाई बाहेर आला आणि त्याने विलासच्या नातेवाइकांना आत बोलावलं. आत एका लांब टेबलावर त्याची बॅग उघडी पडली होती. शेजारी भिवापुरी तिखटाचा पितळी डबा, आणि वर्तमानपत्रावर ओतलेला लालभडक ढीग. त्या ढिगाशेजारी मेणकापडाची पुरचुंडी सोडून ठेवलेली. शंभराच्या बत्तीस नोटा. एक अधिकारी डोळे पुसत होता, दुसरा शिंकत होता. आजूबाजूचे प्रवासी नाकाला रुमाल लावून दूर सरकले होते. विलासचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी ताई बोलली. "मीनं ठेवले साहेब. पोराले माहीत नाही. त्याले जाऊ द्या."

विलासने मान खाली घातली. आईमुळे आपली मान खाली गेली म्हणून, असं मला तेव्हा वाटलं.

डोळे पुसणारा अधिकारी मराठीच होता, माणूस वाईट नव्हता. त्याने विचारलं, "बाई, पैसे बाहेर नेता येत नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?" ताईने पदर सारखा केला. मग त्याची नजर माझ्या खिशातल्या पेनाकडे गेली. "तुम्ही कोण?" मी सांगितलं, सख्खा भाऊ, सरकारी नोकरीत. "यांना नियम माहीत होता?" त्याने लेखणी कागदापासून वर उचलून धरली होती. आता वाटतं, तो माझ्या 'नाही'साठीच थांबला असावा. खेड्यातली बाई, अजाणतेपणी झालं, एवढ्यावर त्याला ते मिटवता आलं असतं. मी म्हटलं, "हो. मीच सांगितला होता. दोनदा. एकदा घरी, एकदा गाडीत." त्याने ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. मी नावाखाली हुद्दाही लिहिला.

विलासला त्यांनी सोडलं, त्याला त्याचं विमान मिळालं. नोटा जप्त झाल्या. जाणूनबुजून केलं म्हणून ताईवर दंडही बसला. तो भरायला तिने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि पुढे कधीच केल्या नाहीत. परतीच्या प्रवासात नागपूर येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. मला लाज वाटत होती, आणि ती लाज तिची आहे अशी माझी पक्की समजूत होती.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत मी तिच्याशी कसा वागलो, ते लिहिलं नाही तर या लेखाला अर्थ नाही. मी भांडलो नाही. जाणं-येणं चालू होतं. पण दरवर्षी तिचं तिखट आमच्या घरी आलं की मी चार माणसांत म्हणायचो, "चाळून घ्या बरं आधी, नोटा निघतीन." लोक हसायचे. तीही हसायची. "घे गा चाळून. तू त देवाचा प्रसादही चाळून खाशीन." माझ्या मुलीच्या लग्नात कोठीघराच्या किल्ल्या थोरल्या आत्याकडे असायला हव्या होत्या, आमच्याकडे तशी रीतच आहे. मी त्या बायकोच्या बहिणीकडे दिल्या. ताई हळद लागलेल्या हातांनी कोठीच्या दाराशी आली, दुसऱ्या बाईच्या कमरेला किल्ल्या पाहिल्या आणि म्हणाली, "बरं झालं वं, माया पाठीमागचा एक ताप गेला." दिवसभर ती मांडवात पाहुण्यांना पाणी देत होती.

विलास आता इंग्लंडातच नोकरीला आहे. आई गेली तेव्हा त्याला पोचायला पाच दिवस लागले. तेरवीच्या दुपारी जेवणं उरकल्यावर तो मला म्हणाला, "मामाजी, जरा विहिरीकडे चला." तिथे काठावर बसून त्याने माझ्याकडे न पाहता सांगितलं, "ते पैसे मीनं ठेवले होते. तिकडे एक दुकानदार आपल्या नोटा कमी भावात बदलून देते, असं एका मित्रानं सांगतलं होतं. मले वाटलं, भिवापूरच्या तिखटात कोण हात घालीन? आईनं पैसे मुंबईच्या खर्चासाठी म्हणून देले होते. तिले काहीच माहीत नव्हतं. तुमच्यासोबत आत आली, तेव्हाच तिनं पाहिलं."

मला आधी ते कळलंच नाही. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. दारापासून त्या टेबलापर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. तेवढ्यात तिने डबा पाहिला, नोटा पाहिल्या, पोराचं तोंड पाहिलं, मी वाचून दाखवलेला कागद तिला आठवला असेल… केस होते, पासपोर्ट जातो. आणि तिने ठरवलं. त्याच बारा-पंधरा पावलांत मी तिच्या बरोबरीने चालत होतो आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. ओसरीवर तिघं बसले होते, नियम तिघांनी ऐकला होता. मी साक्ष दिली ती तिच्या एकटीबद्दल.

"काहून नाही सांगतलं मले इतके वर्षं?" मी विचारलं. विलास म्हणाला, "तिनं पहिल्याच पत्रात शपथ घातली होती. दरवेळी पत्रात विचारायचो, सांगू का मामाजीले? ती लिहून पाठवायची, नको."

संध्याकाळी मी भाऊजींना शोधत गेलो. ते मागच्या कांडणाच्या खोलीत एकटेच बसले होते. ताई याच खोलीत मिरची कांडायची. भिंतीच्या सापटींत, दाराच्या बिजागऱ्यांत लाल भुकटी बसली आहे, आत पाऊल टाकलं की अजून घशात जाते. खुंटीवर तिचा नाकाला बांधायचा फडका होता. मूळचा पांढरा असावा. सगळा लाल झाला होता, फक्त नाकातोंडावर यायचा तेवढा भाग फिकट.

मी विचारलं, "भाऊजी, तुम्हाले माहीत होतं?"

"परतीच्या गाडीतच सांगतलं तिनं," ते म्हणाले. "तुम्ही वरच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी म्हटलं, भावाले त सांग. म्हणे, नका. त्याले कळलं त तो जागचा उठून साहेबाले सांगाले जाईन. त्याच्यानं राहवणार नाही. पोराचं शिक्षणही जाईन अन् त्याले जन्मभर भाच्याचं तोंड पाहता येणार नाही. त्यापेक्षा माया राग करू दे, म्हणे. बहिणीचा राग त्याले झेपते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "खरं सांगा मधुकरराव. गेले असते?"

मी विचार केला. बत्तीस नोटा, सहीचा कागद, सहीखालचा हुद्दा. विमान आकाशात असतं तरी मी पुढच्या स्टेशनावर उतरलो असतो आणि तार केली असती.

"गेलो असतो," मी म्हटलं.

भाऊजींनी मान हलवली. मग उठून त्यांनी खुंटीवरचा फडका काढला, झटकायला दारापर्यंत नेला आणि न झटकता पुन्हा होता तसा टांगून ठेवला.

विलासच्या संमतीने हे लिहितो आहे. आमच्या नात्यागोत्यात बरेच जण वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, आणि चाळणीचा तो विनोद त्यांनी माझ्याच तोंडून ऐकला आहे.