जास्तीचे पापड

डोणगावच्या दुकानदाराने मागितले त्याहून जास्त पापड मी बायकांना लाटायला सांगितले आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तेव्हा मी पन्नाशीची, म्हणजे आजच्या मानाने पोरसवदाच, आणि अक्कल त्याहून लहान. आमच्या बचत गटात दुकानदाराशी बोलणारी मी. लाटणाऱ्या बायका जमवायची माझी शेजारीण. पापडांच्या भरवशावर तिने वावरातली मजुरी सोडली होती. तिची चूल आता आमच्या पोळपाटावर चालायची.

लग्नसराई होती. दुकानदार म्हणाला, "ताई, या खेपेले जरा जास्त आना. मांगं कमी पडले."

शेजारणीला निरोप देताना मी त्यात माझे थोडे मिळवले. ऐनवेळी फजिती नको! तिने बायकांना सांगताना तिचे मिळवले, कारण पापड फुटतात. बायकांनीही हात आखडला नाही. गच्चीवर, खाटांवर, जुन्या लुगड्यांवर, बघावं तिथे पापड. त्यांच्यामधून मी अशी मिरवत होते, जणू सगळा जिल्हा माझ्याच पापडांची वाट बघतोय. दुकानदाराने सगळा माल मुकाट्याने घेतलाही.

आणि मग त्याचा फोन येईना.

लोकांनी पापड खाणं सोडलं की काय? लग्नाच्या पंगतीत मी स्वतःच्या ताटात कमी आणि दुसऱ्यांच्या ताटात जास्त बघायला लागले. सगळे कुडुमकुडुम खात होते. मग आमचेच का नको? मीठ जास्त झालं? कोणाची नजर लागली? डोकं चालेना, तेव्हा एसटीत बसून दुकानच गाठलं. साखरेच्या पोत्यांमागे आमची पाकिटं छताला टेकली होती.

"अवो, हे काय?"

"मांगच्या खेपेले तुम्ही कमी दिले ना," तो म्हणाला. "म्हनून मी बी वाढवून सांगतलं. म्हनलं, मांगू तेवढे काही ताई देनार नाही."

म्हणजे खाणारे नेहमीइतकेच खात होते. वाढ झाली होती ती फक्त आमच्या तोंडच्या आकड्यांत!

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. मागणी हातात आल्याशिवाय उडदाच्या पिठाला हात लावायचा नाही, असा हुकूमच काढला. पहिली मागणी आली ती श्रावणात. दोन दिवस ऊन नाही. पापड पंख्याखाली वाळत घातले, तर ते वाळायचं सोडून वाकडे झाले. दुकानदाराने दुसरीकडून माल उचलला.

पुण्यात धंद्याचं शिकणारी माझी नात परवा सांगत होती की मोठमोठ्या कंपन्यांतही असंच असतं. कोणी माल भरून ठेवतं, कोणी मागणी आली की बनवतं.

"मग बरोबर कोन?" मी विचारलं.

"ते मालावर असतं, आजी."

"अगं, पापडाचं सांग ना."

ती हसत सुटली. एवढी फी भरून हे शिकतात! मला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही कळत नाही.

पण ते वाकडे पापड गोळा करत होते त्या संध्याकाळचं आठवतं. शेजारीण दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी शेतातलं तण काढायला, निंदणीला जाणाऱ्या बायका शेतमालक त्याच रात्री ठरवणार होता. तिने विचारलं, "काकू, उद्या लाटाचे का?" मी, मोठी शहाणी, तिला भरून ठेवण्याचे फायदे सांगितले, मग तोटे सांगितले, मग पुन्हा फायद्यांवर आले, आणि शेवटी म्हणाले, "पाहू."

तिने हातातला पापड खाटेवर ठेवला.

"काकू, भरून ठेवा नाही तं मांगल्यावर बनवा, ते तुमचं तुम्ही ठरवा. मले उद्या काम हाय का नाही, येवढंच सांगा. तुम्ही पाहू म्हनता, अन् मंग मले निंदाले बी जाता येत नाही अन् घरी बी बसता येत नाही."