घोडीला दिसेल असं कुंपण

वडिलांच्या शेताला कुंपण घालायचं ठरलं तेव्हा ते कोणासाठी घालायचं आहे, हेच मी विसरले. बदलापूरहून बारवीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी कुंपणं दिसतात ती सगळी माणसांसाठी असतात. सिमेंटचे खांब, काटेरी तारेचे पाच फेर आणि मध्ये गुडघाभर गवत. जमीन आमची आहे, आत पाऊल टाकू नका, एवढंच त्यांना सांगायचं असतं. लहानपणापासून तेच बघत आल्यामुळे कुंपण म्हणजे बाहेरच्याला बाहेर ठेवायची वस्तू, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. इथे तर आतल्यांना आत ठेवायचं होतं.

आतले म्हणजे एक पांढरी घोडी आणि दोन कुत्रे. घोडी लग्नाची. उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या कितीतरी नवरदेवांना तिने पाठीवर मिरवलं होतं. बँड, फटाके, चमचमणाऱ्या झुली, नाचणारी माणसं, कशानेही ती बिचकायची नाही. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या गोष्टीचा माझ्या दहावीच्या निकालापेक्षा जास्त अभिमान होता. कुत्रे रस्त्यावरून आलेले, एक काळा, एक तांबडा. शेताला तेव्हा नुसते आडवे बांबू बांधलेले होते. कुत्रे खालून सटकायचे आणि त्यांच्यामागे जायचं म्हणून घोडी छातीने बांबू ढकलायची.

एका सकाळी तिघंही बारवी रस्त्यावर पोचली. डंपरवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. समोरच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या वॉचमनने मला फोन केला. मी अंबरनाथला, शिवमंदिराजवळ राहते. रिक्षा करून तशीच गेले आणि दादांना सांगितलं की कुंपणाचं आता मी बघते. आईला जाऊन वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून त्या घरातल्या प्रत्येक गोष्टीत मी नाक खुपसत होते, कोणी विचारलेलं नसताना.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जाळ्या आणि तारा विकणारे एक सिंधी काका आहेत. त्यांच्या पुतण्याची वरात आमच्याच घोडीवरून निघाली होती. मी काटेरी तार मागितली तर त्यांनी आधी विचारलं, आत काय आहे. घोडी आणि कुत्रे म्हटल्यावर त्यांनी तारेचं भेंडोळं पायानेच बाजूला सारलं. तीन-चार प्रकारच्या जाळ्या उलगडून ते म्हणाले, “बेटा, ह्यात मूठ घाल. जिथे तुझी मूठ जाएगी, तिथे तिचा खूर अडकेल.” शंकरपाळ्यासारख्या भोकांच्या जाळीत माझी मूठ आरामात गेली. बारीक चौकोनांच्या जाळीत गेली नाही. हीच खाली लाव, कुत्रे उकरून निघू नयेत म्हणून हातभर जमिनीत पूर, आणि वर जाड लाकडी आडवा वासा टाक, असं त्यांचं म्हणणं. बारीक तार घोड्याला धावताना दिसतच नाही, तो ती सरळ अंगावर घेतो, हेही त्यांनी सांगितलं.

मला वाटलं, दुकानदार आहेत, भारीतला माल गळ्यात मारतायत. शिवाय जाळी आणि लाकूड लावलं तर ते कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसेल. काटेरी तार लावली की कसं, जमीन कोणाची ते लांबूनच कळतं. मी तारच घेतली. कुत्र्यांसाठी खालचे फेर जवळजवळ ओढून घेतले. घोडीला तार दिसत नाही म्हणता, तर त्यावरही मी तोडगा काढला, आणि त्या वेळी मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

आमच्याकडे भाताच्या शेताला जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यावर त्या फडफडतात आणि रानडुकरं बिचकून लांब राहतात. मी घरातली पेटी उघडली आणि आईच्या नेसून विटलेल्या साड्या काढून तारेला बांधत गेले. हिरवी, जांभळी, मोरपंखी. शेत छान दिसायला लागलं.

दादा कुत्र्यांची भाकरी घेऊन आले, थबकले, आणि एवढंच म्हणाले, “त्या साड्या नको लावू.”

मी फटकन म्हटलं, “पेटीत कुजवून काय करणार आहात?”

ते कुत्र्यांना भाकरी टाकायला वळले. मला वाटलं, आईच्या वस्तूंना कोणी हात लावलेला त्यांना सोसत नाही. माणूस गेल्यावर वस्तूंना कवटाळून बसणं मला तेव्हा कमकुवतपणाचं वाटायचं. मी शेवटची साडी आणखी घट्ट बांधली.

आई रोज संध्याकाळी पदरात गूळ आणि चणे घेऊन घोडीकडे जायची. घोडी पदरात तोंड खुपसून खायची आणि संपले तरी पदर सोडायची नाही. हे मी शंभरदा पाहिलं होतं. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा भुसा आणायला बदलापूरला गेले होते. कुत्रे भुंकायला लागले म्हणून मी बाहेर आले. घोडीने उडी मारली नव्हती की धडक दिली नव्हती. ती मोरपंखी साडीत तोंड खुपसत पुढे गेली होती, तार टोचल्यावर उधळली होती आणि पुढचा पाय दोन फेरांच्या मध्ये घालून बसली होती. ती जितका पाय ओढत होती तितका काटा आत जात होता. कुत्रे आतल्या आत धावत होते. त्यांना मात्र माझ्या कुंपणाने बरोबर अडवलं होतं. मी साडीची गाठ सोडायला गेले, पण ती माझ्याच हाताने इतकी करकचून बांधलेली होती की सुटेना. शेवटी वॉचमन पक्कड घेऊन धावत आला आणि त्याने तार तोडली.

डॉक्टरांनी टाके घातले. ती चालेल म्हणाले, पण पाठीवर माणूस पुन्हा बसवायचा नाही.

दादा तिच्या पायाशी बसून होते. मी रडत होते आणि वर त्यांनाच विचारत होते, तुम्ही मला नीट सांगितलं का नाही. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला तार नाय दिसली, पोरी. तुझी आय दिसली.”

मी पुन्हा कॅम्प पाचला गेले. काकांनी घोडीची चौकशी केली आणि बारीक जाळी मोजून दिली. आता खाली ती आहे, हातभर जमिनीत पुरलेली, आणि वर पांढरा रंग दिलेला जाड लाकडी आडवा. लागल्यावर मी चारही बाजूंनी मूठ लावत फिरले. कुठेही जात नाही. कुत्रे आत राहतात, घोडीही आत राहते, लंगडत फिरते. कुंपण अगदी चांगलं झालं आहे.

संक्रांतीला मी साडी नेसून गेले होते. पदरात गूळ-चणे घेऊन तिच्याकडे गेले. जी फटाक्यांना कधी भ्याली नाही ती घोडी पदर बघून मागे सरकायला लागली, लंगडत, मागचं अंग आडव्याला टेकेपर्यंत. दादांनी मान फिरवली.

तेव्हापासून मी तिथे ड्रेस घालून जाते आणि चणे उघड्या तळहातावर धरते. ती येते. पण आधी लांबून माझ्या अंगावर काय आहे ते बघून घेते.