पागोटं घातलेली कणगी

बाळांनो, आमच्या थोरल्या आत्याइतक्या गोड गळ्यानं शिव्या देणारं माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरं नसेल. एरवी ती मुंगीलाही वाट देई. पण लग्नात मुलीकडच्या बायका वरपक्षाला टोमणे मारायची गाणी म्हणत, ती तिनंच रचावीत. बालविधवा असल्यामुळे मांडवात तिला जागा नव्हती. म्हणून हा कार्यक्रम मागच्या खोलीत, दार लावून, फक्त बायकांत चाले. सेलूपासून पोखर्णीपर्यंतची बोलावणी तिला येत. पोचल्याबरोबर ती खिडकीतून नवरदेवाच्या बापाला न्याहाळी, शिंप्यानं माप घ्यावं तशी. अशाच एका ढेरपोट्या व्याह्याला तिनं गाण्यात पागोटं घातलेली धान्याची कणगी म्हटलं होतं. ही पहिली ओळ. पुढच्या याहून वाईट होत्या.

त्या दिवशी बाजेवाले जेवणाची वाट पाहत परसात बसले होते. त्यांच्या क्लॅरिनेटवाल्यानं भिंतीपलीकडून चाल उचलली. शब्द काही त्याला लागले नाहीत. दोन लग्नसराया होईतो ती प्रत्येक वरातीत वाजू लागली. मग एका नाटक कंपनीनं तिच्यावर प्रेमाचं पद बसवलं, त्याची तबकडी निघाली, आणि सेलूच्या जिनिंगमधले हमालही ती गुणगुणू लागले. घरोघरच्या लग्नात बाजेवाले आले, आत्याची बोलावणी थांबली. तरी लग्नसराईत तिचं गाठोडं बांधून तयार असे.

माझ्या लग्नात वडील तिला म्हणाले, "अक्का, औंदा बाजा लावलाय. तुमी कशाला घसा कोरडा करायलात?"

"बाजा शिव्या देतो का रे?" एवढंच बोलून ती मागच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसली.

वरात दारात आली ती त्याच चालीवर. माझे सासरे चांगलेच गोल. खूश होऊन ते बाजेवाल्यांच्या म्होरक्याला म्हणाले, "मास्तर, हेच आणखी एकदा होऊ द्या." आत्यानं तोंडात पदराचा बोळा कोंबला. आम्ही दोघी खिडकीशी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. त्या गर्दीत त्या सुरावर हसणारं तिसरं कुणी नव्हतं. मग तिचं हसू थांबलं, पदर मात्र तोंडातच राहिला.

परवा तुम्ही पाठवलेल्या लग्नाच्या टेपमध्ये तीच चाल वाजली. मी हसले. का हसले, हे विचारायला घरात कुणी नव्हतं. सगळ्या ओळी मला पाठ आहेत, पण त्या टपालानं पाठवायच्या नसतात. दार लावून, समोर बसवून म्हणायच्या असतात. तुम्ही आलात तर नियम मोडून मुलग्यांनाही आत बसू देईन. मागच्या खोलीची कडी अजून नीट लागते.